पत्राच्या दोन तिथी : पैवस्तीच्या शेऱ्यासंबंधीं

जुन्या मोडी पत्रांचा ज्यांस थोडाबहुत सराव आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, पुष्कळ पत्रांवर एक नव्हे तर दोन तिथी असतात. एक पत्र लिहिणाराची. ती बहुधा पत्राच्या शेवटीं 'छ' या अक्षरापुढें चंद्राचा अंक व मुसलमानी महिन्याचें नांव देऊन घातलेली असते. दुसरी पत्र घेणाराच्या कारकुनाची; ती 'पै॥' या संक्षेपानें सुरू होते, आणि तिची जागा कधीं पत्राच्या माथ्यावर, कधीं समासांत, तर कधीं पाठीवर असते. पैवस्त हा शब्द फारशी असून 'येऊन मिळालेलें, पोंचलेलें' असा त्याचा अर्थ आहे. पहिली तिथि पत्र केव्हां जन्मास आलें तें सांगते. दुसरी तें केव्हां दुसऱ्याच्या हातीं पडलें तें सांगते. आमचें म्हणणें असें कीं, इतिहासाच्या दृष्टीनें दुसरीची किंमत पहिलीहून तिळमात्र कमी नाहीं. आणि तरीहि छापणारांनीं, जंत्री मांडणारांनीं व अलीकडे छायाचित्रें घेणारांनीं तिची जी हेळसांड चालविली आहे ती आतां थांबली पाहिजे.

हा दोष कोणा एकाचा नव्हे. कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून मूळ कागद जसाच्या तसा छापण्याची शिस्त आपल्याकडे रुजली, व पैवस्तीचे शेरेहि पुष्कळदां छापले गेले. परंतु छापलें जाणें निराळें आणि उपयोगांत येणें निराळें. पुढें पेशवे दप्तरांतील निवडक कागद कै. गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० पासून पंचेचाळीस भागांत निघाले. त्यांत पत्राच्या माथ्यावर इंग्रजी सारांश व इसवी तारीख देण्याची सोय केलेली आहे. ही सोय मोठी आहे. तिच्यावांचून आमच्यासारख्यांचें पाऊल त्या अरण्यांत पडलेंच नसतें. पण माथ्यावर एकच तारीख बसली कीं वाचणाराच्या मनांत त्या पत्राचा काळहि एकच होतो. पुण्याचा, दिल्लीचा व परांड्याचा असे तीन कागद एका तारखेखालीं शेजारीं शेजारीं बसतात, आणि वाटूं लागतें कीं, एके ठिकाणीं जें घडलें तें त्याच दिवशीं तिन्ही ठिकाणीं ठाऊक होतें. ग्रंथाचें पान म्हणजे असें एक मैदान झालें आहे कीं जेथें अंतर म्हणून उरलेंच नाहीं.

मोबाईलनें हें मैदान आणखी सपाट केलें. याविषयीं दुसऱ्याचे दोष दाखविण्यापूर्वीं आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगणें योग्य होईल. कांहीं वर्षांपूर्वीं धाराशिव जिल्ह्यांतील एका घराण्याच्या कागदांपैकीं दोन पत्रांचीं छायाचित्रें एका स्नेह्यानें आम्हांस व्हॉट्सॲपवरून पाठविलीं. एक पत्र वरून आलेल्या आज्ञेचें. दुसरें म्हणजे गांवच्या अंमलदारानें धाडलेल्या उत्तराची घरीं ठेवलेली नक्कल. आज्ञेवर छ ७, उत्तरावर त्याच महिन्याचा छ २७. मधले वीस दिवस आम्हीं त्या अंमलदाराच्या माथीं मारले, आणि एका लहानशा सभेंत 'हुकूम हातीं असून स्वस्थ बसणारा' असा त्याचा उल्लेख केला. सभेंत त्या घराण्यांतील एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत. पुढें दिवाळींत त्यांनीं आम्हांस घरीं बोलाविलें, रुमाल सोडला, तो कागद काढला आणि आमच्यापुढें पालथा ठेवला. पाठीवर बारीक अक्षरांत होतें : पै॥ छ २६. आज्ञा सव्विसाव्या चंद्रास पोंचली होती व सत्ताविसाव्यास तिचें उत्तर लिहिलें गेलें होतें. ज्यास आम्हीं आळशी ठरविलें त्यानें एक दिवसहि दवडला नव्हता. त्या सालीं तो महिना भर पावसाळ्यांत पडत होता, व वाटेंत सीना नदी होती. छायाचित्र घेणारानें लबाडी केली नव्हती. कागदाची जी बाजू त्यास लिहिलेली दिसली ती त्यानें टिपली. दुसरी बाजू आम्हींच मागितली नाहीं.

कां मागितली नाहीं, याचा विचार आम्हीं पुष्कळ केला. ज्या यंत्रानें तें छायाचित्र एका क्षणांत आमच्या हातीं आणून दिलें, त्यानेंच आमची नजरहि बिघडविली होती असें आम्हांस वाटतें. त्या यंत्रावरहि निरोप गेल्याची एक खूण व पोंचल्याची दुसरी खूण उमटते. म्हणजे पैवस्तीचा शेरा तेथेंहि आहे. पण दोहोंमध्यें श्वासाचेंहि अंतर नसल्यानें पाठविणें व पोंचणें हीं दोन कर्में आहेत हेंच मनुष्य विसरतो, व तीच विसराळू नजर अडीचशें वर्षांपूर्वींच्या कागदाकडे वळवितो. संस्कृतांत देश आणि काल हे शब्द जोडीनें येतात तें उगीच नव्हे. संकल्पांत आपण शक, संवत्सर व तिथि यांबरोबर गोदावरीच्या दक्षिण तीराचाहि उच्चार करितों. स्थळ सांगितल्यावांचून नुसत्या काळानें कर्म पुरें होत नाहीं. ऐतिहासिक पत्राच्या तारखेसहि हाच न्याय लागू आहे. अमुक तारीख म्हटलें कीं, ती कोणत्या गांवीं व कोणासाठीं, हा प्रश्न पाठोपाठ आला पाहिजे.

स्थळ व काळ एकमेकांत किती गुंतलेले असतात याचा या जिल्ह्यांतील अतिप्राचीन दाखला तेरचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक जलप्रवासग्रंथांत, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें शहर असल्याचें नमूद आहे. तेथील माल बिनरस्त्याच्या मुलुखांतून गाड्यांवर लादून भडोचेस येत असे. हें तगर कोठलें, याविषयीं एकोणिसाव्या शतकांतील पंडितांत मोठा वाद होता. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर, डॉ. भांडारकरांनीं धारूर सुचविलें होतें, आणि फ्लीट हे प्रथम कोल्हापूरच्या बाजूचे होते. अखेर १९०१ सालीं फ्लीट यांनींच तेर हें तगर होय असें प्रतिपादिलें व तें मान्य झालें.

आतां नकाशावर सरळ रेघ ओढून पाहावें. भडोच ते पैठण सुमारें २१८ मैल, पैठण ते तेर सुमारें ९५ मैल. पहिल्या टप्प्यास दिवसाचे अकरा मैल पडतात, दुसऱ्यास साडेनऊ. भरल्या बैलगाडीची चाल ज्यानें पाहिली आहे त्यास हा हिशेब पटेल. दिशा मात्र तितकी नेमकी नाहीं; तेर पैठणच्या नीट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. आमचा तर्क असा कीं, दिशा ही ऐकीव गोष्ट होती, पण दिवस हें व्यापाऱ्याच्या खर्चाचें माप होतें. बैलांची वैरण व गाडीवानाची मजुरी दिवसावर पडे, कोसावर नव्हे. म्हणून दिवस खरे उतरले. अंतर म्हणजे वेळ, हें त्या लेखकास सांगावें लागत नव्हतें. आपणांस तें नव्यानें शिकावें लागत आहे.

पण वेळहि सर्वांस एक नसे. आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर सनावळी लिहीत आलों. १० जानेवारी १७६०, दिल्लीनजीक बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्याखालीं ३ फेब्रुवारी १७६०, उदगीर येथें सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला. (उदगीर १९५६ पासून १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा होईपर्यंत याच जिल्ह्यांत मोडत असे.) वर्गांतला एखादा चुणचुणीत मुलगा विचारी, "गुरुजी, दत्ताजी पडल्यावर उदगीरला वेळ कां घालविला?" प्रश्न फळ्यावर पाहिल्यास बरोबर आहे, उदगीरच्या छावणींत उभें राहून पाहिल्यास तो उद्भवतच नाहीं. दत्ताजींच्या मृत्यूची वार्ता दक्षिणेंत कळली ती उदगीरचा जय पदरांत पडल्यानंतर. मधल्या काळांत दत्ताजी उत्तरेंत मृत होते व दक्षिणेंत जिवंत होते. कालगणनेस ही गोष्ट सोसत नाहीं, पण मनुष्याच्या अनुभवास तीच खरी होती, आणि त्या छावणींतील प्रत्येक मसलत त्या अनुभवावर झाली.

त्यानंतरचीं अंतरें पाहावीं. १४ मार्च १७६० रोजीं भाऊ परतुराहून निघाले, ते ऑगस्टच्या आरंभीं दिल्लींत शिरले; सरळ रेघेनें सुमारें सवासहाशें मैल, व दिवस साडेचार महिन्यांहून अधिक. मधले मुक्काम धरून रोजचे साडेचार मैलहि पडत नाहींत. उलट १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें, आणि २४ जानेवारीस भेलशाजवळ नानासाहेब पेशव्यांच्या हातीं तें सावकारी पत्र पडलें. सुमारें चारशें मैल, दहा दिवस, रोजचे चाळीस मैल. म्हणजे ज्या देशांत फौज दिवसाला साडेचार मैल सरके व मालाची गाडी दहा मैल जाई, त्याच देशांत सावकाराचा कासीद चाळीस मैल तोडी. भूमि एकच, पण फौजेची भूमि मोठी, गाडीची मध्यम, व सावकाराची लहान. सावकारास राजाच्या आधीं बातमी असे, ती त्याच्या अंगीं कांहीं दैवी शक्ति होती म्हणून नव्हे; त्यानें वाटेवर पैसा ओतला होता म्हणून.

येथें एक धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. चाळीस मैलांचा हिशेब धरून कोणी म्हणेल कीं, बुराडीची वार्ता उदगीरला सातशें मैलांवर अठरा दिवसांत, म्हणजे लढाईच्या पांच-सहा दिवस आधीं, पोंचलीच पाहिजे. असा तर्क सर्वथा त्याज्य समजावा. सर्वांत जलद पत्राची गति ही सर्व पत्रांची गति नव्हे. जासूद जोडीनें पाठवीत व महत्त्वाचें पत्र दोन वाटांनीं रवाना करीत, तें कां? एक पोंचेल याची खात्री नव्हती म्हणून. पैवस्ती गणितानें काढूं नये. कागदावर असेल तर घ्यावी, नसेल तर जागा कोरी ठेवावी.

तिथि सांपडली तरी ती वाचण्यांत अडचणी आहेत. पंचांगाचा वार सूर्योदयास लागतो, मुसलमानी चंद्र सूर्यास्तास बदलतो, आणि इंग्रजी तारीख मध्यरात्रीं. रात्रीं दोन घटकांवर लिहिलेल्या पत्राची तिथि इसवींत उतरवितांना एक दिवस इकडचा तिकडे होण्याचा संभव असतो. जेथें मधलें अंतरच दोन दिवसांचें, तेथें ही चूक अर्धी किंमत खाऊन टाकते. आमच्या जिल्ह्यांत फसली सनाचा घोटाळा आणखी निराळा. दक्षिणेंतील जुना फसली मृगास, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत लागे. निजामाच्या राज्यांत एकोणिसाव्या शतकांतील सुधारणेनंतर सरकारी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभीं लागूं लागलें. दोहोंचा अंक इसवींतून ५९० वजा करूनच येतो. यामुळें बार्शीकडील जुन्या रीतीचा कागद व शेजारच्या धाराशिवचा सरकारी कागद यांवर फसलीचा अंक एक असला तरी त्यांचें वर्ष एक नसे. जूनपासून चार महिने बार्शीचा मनुष्य नव्या सालांत व धाराशिवचा जुन्या सालांत वावरे. जंत्री हातीं घेऊन डोळे मिटून तारीख काढणारांनीं येथें जपून असावें.

रेल्वे व तारायंत्र आल्यावर हा भेद मिटला असें समजतात. तो कमी झाला, मिटला नाहीं. बार्शी लाईट रेल्वे १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीस आली व १९११ सालीं लातुरास पोंचली. पण ही अडीच फुटी रुळांची गाडी धाराशिव शहरास बगल देऊन येडशीवरून जात असे, आणि शहरांत रूळ आले ते या शतकाच्या पहिल्या दशकांत मार्ग रुंद झाल्यावर. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. तिच्या घड्याळाप्रमाणें धाराशिवचें मध्यान्ह सरासरीनें सव्वीस मिनिटें उशिरां येतें. मात्र त्या काळच्या खात्यांनीं एक गोष्ट चांगली केली. जुलै २०१३ मध्यें बंद पडलेल्या तारखात्याच्या कागदावर तार दिल्याची व पोंचल्याची अशा दोन्ही वेळा असत. टपालाच्या पाकिटावर पुढें टाकल्याचा शिक्का व पाठीवर पोंचल्याचा शिक्का पडे. ही जुनी पैवस्तीच होय. निजाम संस्थानचें टपालखातें १९५० सालीं भारतीय टपालांत विलीन होईपर्यंत स्वतंत्र होतें, त्यामुळें त्याच्या तिकिटांस गिऱ्हाईक पुष्कळ. आणि संग्राहक मंडळी तिकीट कापून घेऊन पाकीट टाकून देतात. आमच्या मतें हा मूर्तीचे डोळे काढून मूर्ति विकण्याचा प्रकार आहे.

मौखिक आठवणींसहि हीच कसोटी लावावी. नळदुर्ग १३ सप्टेंबर १९४८ रोजींच भारतीय सैन्याच्या हातीं आलें. संस्थानची शरणागति १७ सप्टेंबरची. जी राजवट नळदुर्गांत संपली होती ती हैदराबादेंत आणखी चार दिवस उभी होती. त्या दिवसांच्या आठवणी टिपणारांनीं 'काय झालें' यापुढें 'तुमच्या गांवीं तें केव्हां व कशानें कळलें' हा प्रश्न विचारला पाहिजे. ज्या आठवणी पूर्वीं टिपल्या गेल्या त्यांत हा प्रश्न क्वचितच आढळतो, आणि उत्तर देणारे आतां फार थोडे उरले आहेत.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, बहुसंख्य पत्रांवर पैवस्ती नसतेच. खरें आहे, पण ती नाहीं हें तरी कोठें नोंदविलें जातें? 'शेरा नाहीं' आणि 'शेरा पाहिला नाहीं' यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, व आजच्या याद्यांवरून तें कळत नाहीं. दुसरा असा कीं, शेऱ्याची तिथि कधीं कधीं पत्र पोंचल्याची नसून दप्तरीं दाखल झाल्याची असावी. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, व म्हणूनच एका शेऱ्यावर विसंबून न राहतां त्या दप्तरांतील पांच-पंचवीस शेरे एकत्र पाहून कारकुनाची रीत ठरवावी असें आम्ही म्हणतों. उलटपक्षीं, प्रत्येक चुकीचें खापर उशिराच्या पत्रावर फोडणें हेंहि इतिहासास शोभणार नाहीं. पत्र वेळेवर पोंचूनहि न हलणारे लोक तेव्हां होते, जसे आज आहेत. पैवस्ती ही क्षमापत्रिका नव्हे. ती पुरावा आहे.

तेव्हां संग्राहकांस व संपादकांस आमची विनंति थोडक्यांत अशी. यादींत तारखेचा एकच रकाना न ठेवतां लेखनाची तिथि, लेखनाचें स्थळ, पैवस्तीची तिथि, पैवस्तीचें स्थळ असे चार रकाने ठेवावे, आणि मूळ शब्द जसेच्या तसे देऊन मग इसवी द्यावी. स्थळाचें नांव कागदावर असेल तेंच लिहावें. या जिल्ह्यानेंच नळदुर्ग, उस्मानाबाद व २०२३ पासून पुन्हा धाराशिव अशीं नांवें घेतलीं आहेत, व कागदावरील नांव हीहि एक तारीखच असते. छायाचित्र दोन्ही बाजूंचें घ्यावें, पाठ कोरी असली तरी घ्यावें. लखोटा, घडी, शिक्का यांचेंहि घ्यावें, व रुमालांतील कागदांचा क्रम सोडण्यापूर्वीं लिहून ठेवावा. छायाचित्रांस आमचा विरोध आहे असा ग्रह कोणी करून घेऊं नये. ज्या जिल्ह्यानें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे सास्तुरासारखीं गांवें दगडमातीखालीं गेलेलीं पाहिलीं, तेथें कागदाची दुसरी प्रत नको असें कोण म्हणेल? आमचें म्हणणें इतकेंच कीं, प्रत घ्यावयाची तर ती अर्धी नसावी.

त्या वृद्ध गृहस्थांच्या घरून निघतांना आम्हीं आमच्या चुकीची क्षमा मागितली. ते म्हणाले, "माझी कशाला? सभेंत जितके होते तितक्यांना सांगा." सभेंत चाळीस माणसें होतीं, त्यांतील कित्येक आतां हयात नाहींत. तें बोलणें आम्हांस येथें छापून पोंचवावें लागत आहे, व तें कोणास केव्हां पोंचेल हें आम्हांस ठाऊक नाहीं. ज्यांस पोंचेल त्यांनीं आपल्या संग्रहांतील एक कागद उलटून पाहावा.